परबकाकांनी बसवलेले प्लग

६ नोव्हेंबर
आज विमान घेऊन एकटीच उडाले, शिकवणाऱ्या सरांशिवाय. आमच्या तोंडवलीवरून परत फिरले, उतरण्यासाठी पॉवर कमी केली आणि इंजिन खोकायला लागलं. खाली पाणी. रेडिओवर काय बोलले, एक शब्द आठवत नाही. नाक किनाऱ्याकडे वळवलं, पुळणीवर माणसं नसलेला पट्टा हेरून ठेवला. मग कुठे गरम हवेचा खटका ओढला. इंजिन आणखीच धडधडलं. वाटलं, संपलं. आणि एकदम सुरळीत.
उतरले. सर धावत आले, "शाब्बास!" म्हणाले. कोर्सच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनांचं बघणारे परबकाका चहा घेऊन आले. "बरी आसस मां बाय? मगे झाला तर."


७ नोव्हें.
रिपोर्ट दिला. 'इंजिन अचानक अडखळले. कारण समजले नाही.'
समजलं नाही कसं? दमट हवेत पॉवर कमी केली की कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, आपल्याकडच्या उकाड्यातसुद्धा. म्हणून गरम हवेचा खटका आधी ओढायचा. पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. विसरले, इंजिन खोकल्यावर आठवलं. बर्फ वितळला की मागे काही खूण राहत नाही. म्हणजे कोणाला कधी...
नको.

८ नोव्हें.
माझ्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी काकांनी त्या इंजिनाचे स्पार्क प्लग बदलले होते. हे मला माहीत नव्हतं.
सर सगळ्यांसमोर : "परब, प्लग नीट बसवले होते ना?"
"हो सर. माझ्या हाताने बसवले." दोनदा सांगितलं त्यांनी. ऑफिसातली मराठी, सावकाश.
इंजिन उघडलं, काही सापडलं नाही. तरी चौकशी होईपर्यंत काकांनी घरी थांबायचं. डबा उचलून गेले. मी चार पावलांवर होते. तोंड उघडलंच नाही.

१० नोव्हें.
रविवार, घरी. बाबांनी अख्ख्या तोंडवलीत सांगून ठेवलंय, "माझ्या चेडवान विमान वाचवला." मासे घ्यायला आलेली बाईसुद्धा माझ्याकडे बघून हसली.
संध्याकाळी बाबा जाळं शिवत बसले होते. सांगून टाकलं सगळं. त्यांची सुई थांबली नाही.
"त्या परबाक ठावक आसा?"
"नाही."
"मगे माका कित्याक सांगतस?"
जेवताना बांगड्याचा मोठा तुकडा माझ्या पानात घातला.

११ नोव्हें.
सकाळच्या एसटीने कसालला, काकांच्या घरी. काका घरापुढच्या खळ्यात बसलेले. उभ्याउभ्याच सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. किंवा म्हणतील, जाऊ दे.
"तीन दिस, गो. तीन दिस मी त्याच प्लगांचो इचार करतंय. माझोच हात चुकलो की काय. झोप नाय माका."
 काकींनी पाणी आणलं होतं, ते ऐकून तांब्या हातातच धरून उभ्या राहिल्या.
"आत्ताच्या आत्ता सरांना सांगते," म्हटलं.
"सांग." एवढंच.

तिथूनच सरांकडे गेले. नवा रिपोर्ट लिहिला. सरांनी दोनदा वाचला. "खटका विसरणं ही चूक. ती मीही केलीय शिकताना. पण तू गप्प राहिलीस ना, ते..." मग त्यांनी काकांना माझ्यासमोरच फोन लावला, उभं राहून माफी मागितली.
माझं एकटीचं उड्डाण बंद.

१४ नोव्हें.
उद्या अकरा वाजता चौकशीसाठी मोठ्या साहेबांपुढे. सर म्हणाले, कोर्स थांबवूही शकतात, तयारी ठेव. कसली तयारी?
बाबा फोनवर : "खरा तां सांग. फुडचा फुडे." 
काका कालपासून कामावर. माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी समोरून गेले, मान खाली.
दुपारी हँगरमध्ये एकटेच होते, दुसऱ्या विमानाचं झाकण उघडून. मी दाराशी उभी राहिले. जावं की नको. ते मागे न बघताच म्हणाले,
"थंयसून काय दिसतला तुका? हय ये."
गेले. त्यांनी बॅटरी लावून माझ्या हातात दिली.