मावशीच्या नावावरची बुरशी

तीर्थस्वरूप मावशीस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहे. तुझी प्रकृती कशी आहे? (हे रिवाज म्हणून विचारलेले नाही. उत्तर हवे आहे.)

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले तेव्हा टॉवेल विसरले होते. तू म्हणालीस, "घरच्या माणसाला वेगळा टॉवेल कशाला?" परतल्यावर आठवड्याभरात माझ्या कमरेवर नाण्याएवढे गजकर्ण उठले, कडेला लाल आणि खवलेदार, मधे स्वच्छ. तुला फोन केला, तर तू तुझी ती ट्यूब पाठवलीस, जी काकांच्या टाचेपासून शेजारणीच्या मानेपर्यंत सगळीकडे चालते. आता मी दिवसभर प्रयोगशाळेत लोकांच्या त्वचेचे खरवडे सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तसल्या ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते, हे दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवते. तरी लावली. (खाज सुटली की शिक्षण हात बांधून उभे राहते, हे प्रत्यक्ष पाहिले.) तीन आठवड्यांत नाण्याची बशी झाली.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच स्वतःचा खरवडा घेऊन काचपट्टीवर ठेवला. बुरशी विभागाची प्रमुख म्हणून सध्या माझ्या नावाचा विचार चालू आहे, त्यामुळे पट्टीवर माझे नाव लिहिणे बरे दिसेना. तुझे लिहिले. कुणाला पत्ता लागला नसता, पण मी हात धुऊन येईपर्यंत पट्टी आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंच्या नजरेखाली गेली होती. बुरशीचे इतके भरगच्च धागे त्यांनी वर्षभरात पाहिले नव्हते. त्यांनी सगळ्या विभागाला रांगेने दाखवले. रांगेत मीही उभी राहिले. मग मला म्हणाल्या, "कोण गं ही बाई? नक्की कसली तरी ट्यूब फासलीय. सोमवारी बोलाव, चांगली झाडते तिला." मी वहीत टिपून घेतले.

बाकी क्षेम. सहज कळवले.

तुझी भाची

ता. क. सोमवारी सकाळी दहाला ये. डाग कुठून आणू, असे म्हणू नकोस. तुझ्या कमरेवर डावीकडे आहे. मी निघाले त्या दिवशी तुझा पदर सरकला तेव्हा दिसला. म्हणजे पट्टीवर फार खोटे लिहिलेले नाही. बोलणी तू खा, औषध दोघी घेऊ, आणि खाज थांबली तरी सांगितलेले आठवडे पुरे करू. ट्यूब कुणी दिली असे विचारतील. घरच्याच माणसाने, एवढेच सांग.

पुन्हा ता. क. मुक्काम माझ्याकडेच कर. टॉवेल आण.