काशीत सोडलेली चटणी

आई, मी काशीला जाऊन आले. तू असतीस तर चहासुद्धा होऊ दिला नसतास, आधी विचारलं असतंस, "काय सोडलंस?" काशीला गेलं की गंगेत उभं राहून आपल्या आवडीचा एक पदार्थ सोडायचा आणि पुन्हा जन्मात तोंडाला लावायचा नाही, ही रीत तूच मला सांगितली होतीस. तू स्वतः काय सोडलंस ते मात्र सांगितलं नाहीस. मी तरी कुठं विचारलं म्हणा! तू काशीहून आलीस तेव्हा मला ऑफिसला जायची घाई होती. गंगेची तांब्याची गडवी माझ्या हातात दिलीस, मी ती फडताळात ठेवली आणि बस पकडायला पळाले.

आमच्या गल्लीतल्या बायकांनी सहल काढली, तेव्हा गावाकडच्या आपल्या शेजारच्या काकूंना मीच बरोबर घेतलं. तुझ्याबरोबर त्या एकदा काशी करून आलेल्या, तरी पुन्हा यायला उड्या मारत होत्या. तोंडात दात राहिले नाहीत, पण मिश्री सुटलेली नाही. सगळ्या रेल्वेभर त्यांचं एकच, "लई बदललं असंल गं आता." विश्वनाथाच्या दर्शनाला आम्ही रांगेत इतका वेळ उभ्या होतो, की काकू पुढच्या बाईच्या पाठीला डोकं टेकून चक्क झोपल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठाला रामनगरचा किल्ला बघितला. जुन्या तलवारी आणि पालख्या बघून काकू म्हणाल्या, "एवढं पुसायचं म्हंजी किती बाया लागत असत्याल!" मी खूप हसले. तोपर्यंत माझं सगळं मजेत चाललं होतं.

मग सारनाथ. तिथला तो थोरला स्तूप बघून झाल्यावर आम्ही एका झाडाखाली डबे उघडले. सोलापूरची माणसं आम्ही, पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असणारच. मी चटणीवर दही घालून कालवत होते आणि काकू माझ्या हाताकडे बघत बसल्या होत्या. "तुजी आई असती तर तिनं नुसतं दही घेतलं असतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, का बरं? "का म्हंजी? तिनं चटणी सोडली न्हवती का, हितंच, काशीत!"

मला वाटलं, वयानं काकूंचं काहीतरी गोंधळतंय. "अहो काकू, शेवटपर्यंत मला डबे पाठवत होती ती."

"पाठवत व्हती की. खात न्हवती." काकूंनी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला. "आमी समद्यांनी कारलं सोडलं, दोडका सोडला. मी तर शेपू सोडली, मला तिचा वास बी सोसत न्हाय. तुजी आई म्हणली, आवडतच न्हाय ते सोडून देवाला फशिवायचं व्हय? मला चटणी आवडती, तीच सोडते. आन तुला सांगू नको म्हणली. तुला कळलं असतं तर तू डबा पाठवू नको म्हणली असतीस, मंग तुला कुटून कोण घालणार व्हतं?"

आई, घास माझ्या हातातच राहिला. मला आपल्या गावातलं ते किराणा दुकान आठवलं. आपल्या घरी फोन नव्हता, म्हणून मी दुकानात फोन करून तुला बोलावून घ्यायची. एसटीच्या कंडक्टरकडून तुझा डबा आला होता आणि चटणी खारट झाली होती. मी केवढ्यानं ओरडले, "मीठ आहे का गंमत! चव तरी बघत जा की जरा!" दुकानात गिऱ्हाइकं उभी असणार, माझा आवाज काही लहान नाही, सगळ्यांना ऐकू गेलं असेल. तू एवढंच म्हणालीस, "बरं, पुढच्या टायमाला बघते." पुढच्या वेळी पुन्हा खारट. मी पुन्हा बोलले. सुट्टीला आले, तेव्हा तुझ्या ताटात चटणी दिसली नाही, विचारलं तर म्हणालीस पित्त होतं. माझा लगेच विश्वास बसला. आईची आता जिभेची चव गेली, असं मी बहिणींना हसत हसत सांगत सुटले.

"तिनं कुटली की भिंतीवरनं मला हाक मारायची," काकू सांगत होत्या, "म्हणायची, मीठ बघा की जरा. माज्या मिश्रीच्या तोंडाला कुटली चव! मी आपली म्हणायची, टाक अजून चिमूटभर." हे सांगताना त्या ओशाळल्या. मला त्यांच्यावर राग काढता आला असता तर बरं झालं असतं, पण ओरडणारी मी होते, त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगेत कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले. गुरुजींनी विचारलं, काय सोडता? मागं पायरीवरून काकू ओरडल्या, "दोडका म्हण गं, दोडका! खुळेपणा करू नगंस!" त्यांना माझ्या मनातलं कळलं होतं. मी शेंगाची चटणी म्हणाले. गुरुजींना त्यातलं काय समजलं देव जाणे, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या बाईकडे वळले. मला वाटलं, चला, आता जरा हलकं वाटेल. कुठलं काय! पाण्यातून बाहेर येताना दात वाजत होते, तेवढंच.

सोलापूरला परत आल्यावर पुण्याहून लेकीचा फोन, चटणी संपलीय, पाठव. आज सकाळी शेंगा भाजल्या, लसूण, जिरं, तिखट घातलं आणि तेल सुटेपर्यंत उखळात कुटलं. मग मिठाचा डबा हातात घेऊन उभी राहिले. घरात कुणी नव्हतं. शेजारीणही बाहेर गेलेली. अंदाजानं मीठ घातलं आणि तेवढ्यात तू भिंतीपाशी उभी राहून काकूंना हाक मारतेस असं डोळ्यांपुढं आलं. किती वर्षं तू त्या वासात बसून कुटलंस गं, आणि बोटसुद्धा चाटलं नाहीस.

लेकीला खारट जायला नको म्हणून मी चिमूटभर तोंडात टाकली. तिथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण मी ताट घेतलं, भाकरी घेतली, चटणीवर दही घातलं आणि उखळाशेजारी बसून पोटभर जेवले. रडत होते आणि खात होते. काकूंना हे सांगायचं धाडस नाही, आणि तुला सांगायचं तर पत्ता नाही, म्हणून हा कागद मिठाच्या डब्याखाली सारून ठेवते.

मीठ बरोबर पडलंय, आई.