तुम्ही बरा केलेला रक्तपिपासू

पप्पा, मंगळवारी दुपारी अंबरनाथ पश्चिमेच्या डायलिसिस सेंटरबाहेर बसून मी तुमचा तो रक्त पिणाऱ्या डॉक्टरचा पिक्चर मोबाईलवर पाहिला. आई आत मशीनवर होती. खाली हिंदीत संवाद लिहून येत होते, म्हणून पहिल्यांदाच शब्द न् शब्द समजला.

उल्हासनगरच्या आपल्या व्हिडिओ हॉलमध्ये तुम्ही टीव्हीच्या बाजूला उभे राहून इंग्रजी पिक्चर हिंदीत सांगायचात. जीन्सच्या कारखान्यातली माणसं त्यासाठीच यायची. या पिक्चरमध्ये ना शवपेटी, ना सुळे. एका मेलेल्या ग्रहावरून आजार येतो, आणि तो झालेला डॉक्टर यानात खुर्चीला बांधून घेऊन नळीने रक्त घेत जगतो. नळी त्याची बायको लावते. "मामा, ये मरेगा क्या?" मागून कोणीतरी ओरडतं. "अबे, इलाज चालू है उसका. तू कायको मार रहा है?" तुम्ही म्हणता. सगळे हसतात. शेवटी बायको यानाची खिडकी उघडते, सूर्याचा उजेड आत येतो, टीव्ही पांढराशुभ्र होतो. "किरणों से ठीक हो गया," तुम्ही सांगता. टाळ्या पडतात. मीही वाजवतो.

पप्पा, तो बरा होत नाही. तो बायकोला म्हणतो, मी थकलो, आता खिडकी उघड. ती नाही म्हणते, रडते, आणि मग उघडते. त्या उजेडानेच तो मरतो. तुम्हाला इंग्रजी कळलं नाही म्हणून तुम्ही तसं सांगितलंत, की कळूनसुद्धा? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोणाला विचारू?

आईसाठी विचारतोय. दिवाळीपासून ती म्हणते, "बस झालं रे. मला नको नेऊस तिथे." डॉक्टर म्हणतात, थांबवलं तर फार दिवस नाहीत, घरच्यांनी ठरवा. घरचे म्हणजे मी एकटा, नववीत शाळा सोडलेला.

परत येताना रिक्षात तिने विचारलं, "एवढं काय बघत होतास?"

"पप्पांचा पिक्चर."

"तो रक्तवाला? बाई गं!" ती हसली. मग म्हणाली, "माझं काय ठरवलंस?"

मी खड्ड्यांबद्दल काहीतरी बोललो.

पुढचं डायलिसिस उद्या आहे. आज संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी म्हटलं, उद्या घरीच राहू. ती लगेच झोपली, कितीतरी दिवसांनी. रिक्षावाल्याला मी सकाळी यायला सांगून ठेवलं आहे.