आखूड पाकळी

बाबा, मी तुमची धाकटी. चौथीपर्यंत शिकवलं होतं तुमी मले, त्याच चार वर्गांच्या जोरावर लिहून राहिली, म्हणून अक्षर पाहून हसू नका. मी आता आजी झाली, दात मोजकेच उरले, पण भाकर अजून कुसकरून नाही खात. बातमी अशी की आपल्या अकोल्याच्या घरात लाकूड कोरायची मशीन आली. तुमी गेल्यापासून या घरात पटाशी कोणी हातात धरली नाही. माझा पोरगा तर खिळा ठोकायलेही माणूस बोलावते. आणि आता सुनेनं मागच्या खोलीत टेबलाएवढी मशीन मांडली. तिले वर एक मुंडकं आहे, मुंडक्यात पेन्सिलीएवढं पातं, ते भिंगरीसारखं फिरते. सून कॉम्प्युटरवर फूल काढते आणि मुंडकं आडवं-उभं सरकत सागाच्या फळीवर तेच फूल कोरते. हातोडी नाही, घाम नाही. पहिल्या दिवशी मी खुर्ची टाकून बसली ते जेवायचंच विसरली. सून म्हणे, "आई, डोळ्यात भुसा जाईल." मी म्हटलं, जाऊ दे, सुताराच्या पोरीचे डोळे आहेत, त्याइले सवय आहे.

सुनेनं शाळेतली नोकरी सोडून हे काम धरलं. दारावरच्या पाट्या, देव्हाऱ्याच्या कमानी, असं चांगलं चाललं होतं. दसरा झाला आणि मशीन बिघडली. आठ पाकळ्यांचं फूल, त्यातल्या सात पाकळ्या अशा की बोट फिरवत राहावं, आणि सगळ्यात शेवटची, डावीकडची, नखाएवढी आखूड. दुसरी फळी लावली, तेच. तिसरी लावली, तेच. पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "शनिवारपर्यंत दुकानवाला परत घेते. त्याच्यानंतर नाही घेत. जमलं तर ठेव, नाहीतर उचलू दे." सून पान्हा घेऊन मशीनखाली शिरली. नोकरी तर सुटलेली, आता मशीनही गेली तर ती काय करणार होती, सांगा. आणि मी? मी ती पाकळी पाहिली आणि मले हसू आलं. बाबा, ती तुमची पाकळी होती.

हे दुसऱ्या कोणाले सांगितलं असतं तर म्हातारी चळली म्हणाले असते. आरा मशीनवर तुमच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं, त्याच्यानंतर डावीकडे वळताना पटाशी तुमाले धरता येत नव्हती. तुमी थांबत, पटाशी खाली ठेवत, हात बदलत, मग पुन्हा चालू. तरी ती पाकळी आखूडच उतरे. फर्निचरच्या गल्लीतले दुकानदार फळी उलटीपालटी न करता सांगत, हे नऊ बोटांचं काम. आता ही मशीनही त्याच जागी आली की हुंकारते, कट कट करते, जरा थांबते, आणि पुढे जाते. मी डोळे मिटून ऐकलं की लाकडाचा वास, तो आवाज, ते थांबणं, सगळं तुमचं. मी आपली खुर्चीतून म्हणे, "हं, बाबा, होऊ द्या." लय बरं वाटे. फक्त शनिवार जवळ येऊन राहिला होता, आणि मले तुमाले एक गोष्ट सांगायची होती, लहानपणापासून पोटात ठेवलेली. मशीन गेली तर तुमी पण जाल, असं मले वाटून राहिलं होतं.

सुनेनं काय काय नाही पाहिलं. पट्टा सैल आहे का म्हणून ताणला. पातं धरणारा चिमटा उघडून त्यातला भुसा काढला. फळी खालून डगमगते का म्हणून चारी कोपऱ्यांत काड्यापेटी सरकवून पाहिली. फोनवरचा माणूस म्हणे, मोटर बदला. ती म्हणे, "दादा, सात पाकळ्या बरोबर येऊन राहिल्या, तर मोटर आठवीलेच कशी थकते?" मले लय आवडलं ते. तुमीही दुकानदाराले असंच बोलत. मग एका दुपारी ती जेवायले गेली, मशीन चालूच होती, पण मुंडकं वर धरून थांबलेलं. मी एकटीच. मी हळूच म्हटलं, "बाबा, तुमीच हाय ना?" तेवढ्यात लाईन गेली. पंखा थांबला, खोलीत एकदम चूप झालं, आणि ते मुंडकं, बाबा, कोणी हात न लावता हळूहळू खाली आलं. मान हलवावी तसं. पातं फळीवर टेकलं आणि थांबलं. सून धावत आली, म्हणाली, "काही नाही आई, वीज गेली की मोटरची पकड सुटते, वजनानं खाली येते." असंल. पण विचारल्याबरोबरच काहून सुटली, ते तिनं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी ती फळी पिशवीत घातली आणि ताईकडे जायले अमरावतीची बस धरली. बसमध्ये बाजूले बसलेली बाई म्हणे, मावशी, पोळपाट घेऊन चालल्या का? मी म्हटलं, हाव, बापानं दिला. ताई घरी वाती वळून राहिली होती. आता तिले कमी दिसते, म्हणून फळी मी तिच्या हातात दिली. "ओळख, कोणाचं काम?" तिनं बोट फिरवलं. डाव्या पाकळीवर बोट थांबलं.

"बाबाचं. कुठं सापडलं?"

"सापडलं नाही. परवाच झालं."

"कोणी केलं?"

"मशीननं."

"म्हाताऱ्या बहिणीची थट्टा करायले अकोल्याहून आली का?"

मग तिच्या पोराकडून माळ्यावरचा पाळणा उतरवून घेतला. तिच्या पहिल्या बाळंतपणाले तुमी केलेला, गोधड्या भरून ठेवलाय. त्याच्या फुलावर मी मशीनच्या फळीची आखूड पाकळी टेकवली. कागदावर कागद ठेवावा तशी बसली, बाबा. कमी नाही, जास्त नाही. ताईनं हात मागे घेतला.

"सुनेनं हा पाळणा पाहिला होता?"

"तुह्या माळ्यावर कोण चढते?"

"मग?"

"मग काय. आले असतील."

"तू काहून हसून राहिली? मले भेव वाटते."

"बाप आहे आपला. भेव कायचं?"

"मेलेला बाप आहे," ताई म्हणाली. "असा कोणी उगाच येत नसते. काही पाहिजे असंल त्याले. विचार." आणि मग, "ती फळी आधी ओट्यावर ठेव. त्याशिवाय च्या नाही देत." मी फळी बाहेर ठेवली. च्या पिताना मले ताईचं बोलणं टोचत राहिलं, कारण तुमाले काय पाहिजे असंल ते मले माहीत होतं, तिले नव्हतं.

मी परत आली तो शुक्रवार. सुनेनं नवीच युक्ती काढली होती. फळी तिनं चार बोटं उजवीकडे सरकवून बांधली, आणि कॉम्प्युटरवरचं फूलही तेवढंच सरकवलं. चूक मशीनच्या जागेत असंल तर आता डावी पाकळी पुरी यायले पाहिजे, फुलात असंल तर तशीच आखूड. तर काय झालं, डावी पाकळी पुरी उतरली, आणि फुलाच्या डावीकडची वेल बरोबर मशीनच्या त्याच जागी तुटली. सून टाळी वाजवून म्हणाली, "आई, चूक फुलात नाही, जागेत आहे." मी मनात म्हटलं, फळी सरकली, पण तुमी सरकले नाही, आपल्या जागेवर बसूनच राहिले. ज्या लांब आट्यांच्या दांड्यावर मुंडकं सरकते, तो सुनेनं बॅटरी लावून पाहिला आणि दाभणानं आट्यांमधून काहीतरी उकरलं. तिच्या तळहातावर तेलात मळलेला, कुंकवानं लाल झालेला तांदूळ होता. चिरडून दगडासारखा झालेला. मुंडकं तिथं येई आणि अडखळे.

ती काही विचारायच्या आधीच मी बोलली. "मी टाकल्या अक्षता. दसऱ्याले. हत्यारांची पूजा करतात, मशीनची नको का करायले?" सून माझ्याकडे पाहत राहिली आणि मग खाली बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आई, पुढच्या दसऱ्याले फक्त फूल वाहा. आणि तेही बाजूले." पोरगा म्हणे, "आठ दिवस मोटर बदला म्हणून राहिले होते लोक, आणि घरात आईनं तांदूळ पेरला." दांडा घासून पुसून मशीन लावली. आठही पाकळ्या पुऱ्या. शनिवारी दुकानवाल्याचा फोन आला, सून म्हणाली, नाही द्यायची. तिचं काम चालू राहिलं, त्याचा मले खरंच आनंद आहे. पण मी खुर्चीत बसली तर ते नुसतं मशीन होतं. हुंकार नाही, थांबणं नाही. तांदळाचा दाणा पाळण्यावरच्या पाकळीची लांबी कशी ओळखते, हे मले अजूनही कोणी सांगितलं नाही.

अक्षतांचं मी एवढ्या झटक्यात काहून कबूल केलं, ते सुनेले नाही कळलं. मी एकदा गप्प बसली होती, म्हणून. मी नऊ वर्षांची, तुमचा डबा घेऊन आरा मशीनवर आली होती. तुमी सांगून ठेवलं होतं, पातं थांबेपर्यंत दारातून हाक मारायची नाही, एकदा त्यावरून कानही पिळला होता. त्या दिवशी डब्यात वांग्याची भाजी होती आणि पहिल्यांदाच मी केलेली. मी हाक मारली. तुमी मागे वळून पाहिलं. नंतर दवाखान्यात, घरी, गल्लीत, सगळ्याइले तुमी एकच सांगितलं की सदऱ्याची बाही अडकली. आईनं तुमच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्या कोपरावर कापून टाकल्या. पण त्या दिवशी तुमच्या अंगात बंडी होती बाबा, बिनबाह्यांची, आणि रक्ताची ती बंडी आईनंच धुतली होती. म्हणजे तुमाले माहीत होतं, आईले माहीत होतं, आणि दोघंही माझ्यासाठी बाहीचं नाव घेत राहिले.

हा कागद कुठं टाकायचा, ते मले माहीत नाही, आणि सुनेले वाचून दाखवायची हिंमत नाही. घडी करून ठेवून देते. त्या आठ दिवसांत बोलायचंच होतं. तुमी दोन हातांवर होते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी मुद्दाम बोलली नाही. मले वाटलं, तेवढं ऐकायलेच आले असाल, आणि ऐकलं की उठून जाल.