दुपारचं बोलणं

बाबा, तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं होतील, आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. रोज नाही. पण आज खारघरच्या हॉस्पिटलात एका पेशंटची मुलगी माझ्यासमोर बसून रडली. तिच्या वडिलांना स्ट्रोक होऊन तीन महिने झालेत. म्हणाली, "मॅडम, माझ्याशी एक अक्षर नाही, आणि खाली वॉचमनशी बोलतात!" मी तिला म्हटलं, होतं असं, मनाला लावून घेऊ नका. घरी आले आणि मला जेवण गेलं नाही.

तुम्हाला पहिला झटका आला त्या सकाळी तुम्ही पेपर मोठ्याने वाचत होतात. अग्रलेखातलं कसलंसं अशुद्ध आईला दाखवत होतात, आणि वाक्य मध्येच विरघळलं. मी स्वयंपाकघरातून वळून बघते तर तुमच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला, कपातला चहा बशीत. "बाबा, दोन्ही हात वर करा." डावा वर गेला, उजवा टेबलावरच राहिला. मी आधी घड्याळ पाहिलं, कारण हॉस्पिटलात पहिला प्रश्न तोच असतो: शेवटचे नीट कधी होते? शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं, स्कॅन झाला. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती, आणि ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घरात होतात म्हणून निभावलं. आणि वाचेची काळजी नको, स्पीच थेरपिस्ट घरचीच आहे." किती अभिमान वाटला होता मला त्या वाक्याचा.

चार महिन्यांत तुम्ही काठी धरून गॅलरीपर्यंत जायला लागलात. डाव्या हाताने जेवायला लागलात. समजत तुम्हाला सगळं होतं, फक्त शब्द येत नव्हता. मी रोज सकाळी हॉस्पिटलला जायच्या आधी तुमच्यासमोर चित्रांची कार्डं मांडायचे आणि तो छोटा आरसा धरायचे, जो तुम्हीच मला चौथीत आणून दिला होता. मी जिन्यात खेळून आले होते आणि "आई, पानी दे" म्हणाले होते. तुम्ही पनवेलच्या शाळेत मराठी शिकवायचात, तुमच्या घरात 'पानी' कसं चालेल? आरशासमोर उभं करून जीभ कुठे लागते ते दाखवलंत, आणि 'पाणी' नीट येईपर्यंत प्यायला दिलं नाहीत. पुढे मी हेच काम निवडलं, त्याचं मूळ तिथेच असावं. आता मी आरसा धरला की तुम्ही तो डाव्या हाताने पालथा घालायचात. एक शब्दही नाही. नऊ महिने मी रोज हरून कामाला जायचे. मग दुसरा झटका आला, आणि त्या वेळी वेळेत पोचूनही काही उपयोग झाला नाही.

तेराव्याला उरणकडच्या तुमच्या गावाहून ते काका आले होते, मिठागरावर तुमच्याबरोबर वाढलेले. पान वाढताना मी सहज म्हटलं, शेवटी शेवटी बाबांना एक शब्दही आला नाही. काकांनी हात आडवा धरून मला थांबवलं. "काय बोलतेस पोरी? माज्याशी बोलायचा की तो. रोज दुपारी यायचो मी, तू कामाला गेलीस की. आमी दोगं बोलत बसायचो. आमच्या बोलीत."

"मग माझ्याशी का नाही बोलले?"

"लाज वाटायची त्याला. म्हनायचा, पोर चुका काढील."

मी आत जाऊन आईला विचारलं. दार तीच उघडायची ना दुपारी. ती भांडी विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली, "माझ्या तोंडावर हात ठेवला होता त्यांनी. सांगू नको म्हणून. मी काय करणार होते?"

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या बोलीत तुम्ही वाढलात, ती तुम्ही मला आयुष्यात कधी ऐकवली नाहीत. गावी नेलंत तेही लग्नकार्यापुरतं, आणि तिथेही पुस्तकातलं बोलायचात. तुमच्या केसपेपरवर घरची भाषा या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'मराठी' लिहिलं आणि पुढे गेले. असा घाव बसल्यावर कधीकधी सगळ्यात जुनी बोली आधी परत येते, हे मी शिकले होते. तुम्ही त्यातले दोन शब्द जरी माझ्याकडे टाकले असतेत, तरी मी तिथून सुरुवात केली असती. नऊ महिने बोललो असतो आपण, बाबा. ते नऊ महिने तुम्ही दुसऱ्याला दिलेत.

हे सगळं मी अकरा वर्षं असंच सांगत आलेय, नवऱ्याला, मैत्रिणींना: मला तेराव्याला कळलं. ते खरं नाही. तुम्ही जायच्या दोनेक महिने आधी एका दुपारी मी लवकर घरी आले होते. दारातून तुमचा आवाज आला. तुटक, जड, पण तुमचाच. "निवट्या... घावल्या का रं?" काका हसले, "आता कुटल्या निवट्या, चिकलातली मासलीच गेली, खाडीत भराव पडलाय सगला," आणि तुम्हीही हसलात. मी किल्ली हातात घेऊन उभी होते. सवयीने मनात शब्द मोजले, चार. मी हळूच आत येऊन तुमच्या शेजारी बसू शकले असते. काहीच बोलायची गरज नव्हती. पण हे माझ्यामुळे झालेलं नाही, एवढंच मला त्या क्षणी कळत होतं. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बेल दाबली. लांब, दोनदा. आत सगळं गप्प होईपर्यंत.