दसऱ्यापर्यंत झाकलेलं बेणं

१० ऑक्टोबर २००१
मार्केटात बटाट्याचं बेणं बघून आलो. नुसतं बघायला, विकत घ्यायची वेळ माझ्यावर येणार नाही. दुकानदार म्हणे, "सेंद्रियच आहे, साहेब." बटाट्यांवर गुलाबी पूड थापलेली. हे काय? "ते ओळखायला रंग लावलाय." सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, मला रंग शिकवतो! औषध ते औषधच. बावळटांना खपवा.

१३ ऑक्टो.
कोल्ड स्टोरेजमधून माझ्या बेण्याच्या बटाट्यांचा क्रेट आणला. तीन वर्षं औषधाचा कण न लावता, निरोगी झाडांखालचेच निवडून राखलेले. नाशकात असं बेणं दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवा. पडवीत पसरून वर गोणपाट. मोड येऊ देत. दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही.
शेजारचा संपत बांधावरून, "अण्णा, गेल्या साली पाटीभर दिलं व्हतं ना, लय भारी आलं." म्हटलं, भाजी करून खाल्लं असशील. नुसता हसला. गाढवाला गुळाची चव काय!

१७ ऑक्टो.
घट बसले. सौ. आणि मनमाडची मेहुणी, दोघींचे नऊ दिवस उपास. बजावलं, बाजारचा बटाटा या घरात येता कामा नये. विष खाऊन कुठली देवी पावते? दोघींनी माना डोलावल्या. समजलं असावं.

२४ ऑक्टो.
अष्टमी. भजनी मंडळाच्या पंधरा बायका फराळाला. बटाट्याची भाजी अशी, की मीही दोनदा वाढून घेतली. सौ. म्हणाली, "घरचेच आहेत." मग काय, बायकांना सेंद्रिय चवीवर अर्धा तास ऐकवलं. निम्म्या जांभया देत होत्या. अडाणी.

२६ ऑक्टो. दसरा
गोणपाट उचललं. एकोणीस बटाटे.
सौ.: "तुम्हीच म्हणालात बाजारचा नको. घरात दुसरे होते कुठे? मोड आले होते, ते खुडून टाकले."
तीन वर्षं! आणि दोनदा वाढून घेतली मी. नाशकात माझ्याइतका मूर्ख दुसरा कुणी असेल तर दाखवा.
मोरीत जाऊन रडलो. सौ.ने पाहिलं नाही असं धरून चालतो.

२८ ऑक्टो.
संपतकडे गेलो. जावं लागलं. पठ्ठ्याने खाल्लं नव्हतं. लावलं, वाढवलं, यंदासाठी राखलं. "तीन पाट्या हायेत, अण्णा. तुमचंच हाय, न्या की." वर चहा. एक टोमणा नाही. तेच जास्त झोंबलं.
घरी आणून पसरलं तर बोटं गुलाबी. दसऱ्याला पाट्या पुजल्या असतील, गुलाल असेल. की दुकानातली ती पूड? विचारायला बांधापर्यंत गेलो. तो लांबूनच, "काय अण्णा, काय ऱ्हायलं का?"
काही नाही म्हणून परत आलो. हात अजून धुतलेले नाहीत.