चिमूटभरसुद्धा नाही

३ जून
रक्तदाब वर! सातव्या महिन्यात हेच राहिलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ कमी, पाकिटातलं खाणं बंद, आणि कारखान्यातून आजपासून रजा. दिवसभर सूपं चाखायची नोकरी आता चालणार नाही. शिवाय आतड्यातले जिवाणू सांभाळा म्हणे! त्यांना कडधान्यं, भाज्या, भरड धान्य लागतं. ते खूश असले तर रक्तदाबालाही मदत होऊ शकते. म्हणजे माझ्या पोटात बाळ एकटं नाही, कोट्यवधी भाडेकरू आहेत. सासूबाई मान डोलवत ऐकत होत्या. घरी येताच स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं.

६ जून
शिजवलेला पुठ्ठा खाल्ला. दोन्ही वेळा.

१९ जून
भाजीला मीठ लागलं. थोडंच, पण लागलं! बारा वर्षं चाखतेय मी. एका थेंबावरून सांगते पातेल्यात किती पडलंय. विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभरसुद्धा नाही गं." नजर मात्र भांड्यात. परवाच शेजारणीला सांगत होत्या, अळणी खाऊन लेकराच्या अंगी काय लागणार? कुठेतरी पाणी मुरतंय.

२४ जून
आज चक्क खारट. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणतो, आई स्वतःही तेच जेवते, वाळलीय बिचारी. आईचा लाडका! कुणाला सांगायचं — आपलेच दात, आपलेच ओठ.

२८ जून
रक्तदाब आणखी वर. मग, माझी जीभ खोटी का?
आता ताट खोलीत आणते आणि सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात टाकते. कोपऱ्यावरच्या बेकरीतला ब्रेड खाते, वर साय. गोडसर, मीठ कुठे लागत नाही. भाडेकरूंनो, थोडं सोसा.

२ जुलै
पाय सुजलेत. बोटातली अंगठी निघेना. डोकं ठणकतंय. बाळाचं काही बरंवाईट — नको, लिहवत नाही. फार भीती वाटते.
पुरावा हवा. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मैत्रीण घरावरूनच जाते. सासूबाईंची भाजी डबीत भरून तिच्या हाती दिली. संशयाच्या नमुन्यासोबत एक निर्धोक नमुना द्यायचा ही आमची रीत, म्हणून ब्रेडचे दोन तुकडेही दिले.

४ जुलै
दवाखान्यात भरती. बाळाला कदाचित लवकर बाहेर काढावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं, घरी काय काय खात होता? मी म्हटलं, सासूबाईंनाच विचारा! सासूबाई पदर डोळ्याला लावून बाहेर गेल्या. चोराच्या मनात चांदणं.

५ जुलै
मैत्रिणीचा फोन. भाजीत मीठ घातलेलंच नाही. ब्रेडमध्ये भरपूर, गोडव्याखाली लपलेलं. म्हणाली, "मीठ सुटलं की जीभ हळवी होते, साधंही खारट लागतं — रजेवरून चाखायला परतलेल्या मुलींना हे तूच सांगतेस ना गं?"
सासूबाई डबा घेऊन आल्या. पहिला घास खारटच लागला. सगळं खाल्लं.